डार्विनचे तीन मरिना आणि एक शिंपला: समुद्री घुसखोराला वेळेत गाठल्याचे प्रकरण

सप्टेंबर १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन बंदरात पाण्याखालची पाहणी झाली. बंदरात कोणते जीव राहतात आणि त्यांतले बाहेरून आलेले कोणते, याची नोंद करायची होती. सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेने हाती घेतलेल्या या कामात पाणबुडे धक्क्यांचे खांब, तरंगत्या जेटी आणि साखळदंड हाताने चाचपून पाहत होते. कलन बे या मरिनात, म्हणजे छोट्या नौका बांधून ठेवण्याच्या गोदीत, तेव्हा काळजी करावी असे काही सापडले नाही. मार्च १९९९ च्या अखेरीस, पावसाळा सरत आला असताना, दुसऱ्या फेरीसाठी पाणबुडे त्याच पाण्यात उतरले. या वेळी खांबांवर, दोरांवर, बोटींच्या बुडांवर छोट्या शिंपल्यांचा जाड थर बसला होता. काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये २३ हजारांहून अधिक शिंपले होते, आणि हे सगळे सहा महिन्यांच्या आत घडले होते.

तो काळ्या पट्ट्यांचा शिंपला होता, शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅली. ऑस्ट्रेलियाच्या पाण्यात तो याआधी कधीच आढळला नव्हता.

परक्या प्रजाती एका देशातून दुसऱ्या देशात कशा जातात, हे समजून घ्यायला मला हे प्रकरण सर्वांत उपयोगी वाटते. या विषयावरचे बहुतेक लेखन हरलेल्या लढायांबद्दल असते. डार्विनची लढाई जिंकली गेली. ती का जिंकता आली आणि त्यातले किती दुसरीकडे जमेल, हे नीट तपासले पाहिजे.

पाहुणा कोण होता

हा शिंपला मूळचा कॅरिबियन समुद्र, मेक्सिकोचे आखात आणि मध्य अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा. लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत १९८८ मध्ये सापडलेला आणि पुढे पाणीपुरवठ्याच्या नळांत गच्च भरून बसलेला झेब्रा शिंपला याच कुळातला. काळ्या पट्ट्यांचा शिंपला मात्र खाऱ्या पाण्यातही तितकाच सुखाने राहतो. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत सगळे त्याला चालते. साधारण महिनाभरात तो प्रजननक्षम होतो आणि एक मादी हजारोंच्या संख्येने अंडी सोडते. अंड्यांतून निघालेले डिंभक काही दिवस पाण्यात तरंगतात आणि मग मिळेल त्या कठीण पृष्ठभागावर चिवट धाग्यांनी स्वतःला बांधून घेतात. लाकूड, लोखंड, काँक्रीट, प्लास्टिक, दुसऱ्या शिंपल्याची पाठ, काहीही चालते.

डार्विनला येण्यापूर्वीच त्याने बराच प्रवास केला होता. फिजीत तो फार पूर्वी पोहोचला होता. भारतात विशाखापट्टणमच्या बंदरात तो १९६७ मध्ये नोंदला गेला आणि नंतर मुंबईच्या गोदीतही सापडला. जपान, तैवान, हाँगकाँग आणि सिंगापूरमध्येही तो होता. ही सगळी नावे बंदरांची आहेत. मधल्या मोकळ्या किनाऱ्यावर पसरत तो इथवर आलेला नाही. बंदरातून बंदरात उड्या मारत आला आहे, आणि अशी उडी तो एकट्याने मारू शकत नाही. त्याला बोट लागते.

डार्विनमध्ये धोका कशाला होता? उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मोत्यांच्या कालवांची शेती चालते. पिंजऱ्यांत टांगलेल्या कालवांवर या शिंपल्यांचा थर बसला की त्यांचे अन्न तुटते, पिंजरे जड होतात आणि सफाईचा खर्च आवाक्याबाहेर जातो. बंदरातल्या थंडाव्याच्या पाण्याच्या वाहिन्या तुंबतात. शिवाय खारफुटीच्या मुळांपासून खडकांपर्यंत जिथे स्थानिक जीव बसतात तिथे दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. विशाखापट्टणम आणि हाँगकाँगच्या नोंदी तज्ज्ञांना ठाऊक होत्या, त्यामुळे पुढे काय होणार याचा अंदाज बांधावा लागला नाही.

दार बंद करता येण्याजोगे घर

डार्विनला भरती-ओहोटीतला फरक आठ मीटरपर्यंत जातो. इतक्या चढ-उतारात बोटी बांधून ठेवणे अवघड, म्हणून तिथल्या मरिनांना मोकळे तोंड नसते. बोटी लॉकच्या दुहेरी दरवाजांतून आत-बाहेर करतात आणि आतल्या पाण्याची पातळी कायम राहते. कलन बे आणि टिपररी वॉटर्स यांसह तिन्ही मरिनांची रचना अशीच होती.

याच रचनेने शिंपल्याला आसरा दिला. आतले पाणी संथ आणि उबदार होते, पावसाळ्यात त्यात भरपूर गोडे पाणी मिसळत होते, आणि बाहेरच्या खाडीच्या मानाने आत स्पर्धक कमी होते. सोडलेले डिंभक ओहोटीबरोबर वाहून न जाता तिथेच फिरत राहिले आणि तिथेच चिकटले. सहा महिन्यांत चौरस मीटरमागे वीस हजारांवर जाणारी वाढ मोकळ्या समुद्रात इतक्या सहज झाली नसती.

पण त्याच दरवाजांमुळे उपायही शक्य झाला. दार लावले की आत ठरावीक पाणी, ठरावीक बोटी आणि ठरावीक भिंती उरतात. आक्रमक प्रजातींच्या बाबतीत इतकी स्पष्ट सीमा क्वचितच मिळते. बेटावरचा उंदीर, एखाद्या तळ्यातला मासा, कुंपणातली वनस्पती अशी थोडीच उदाहरणे आहेत. समुद्रात तर जवळपास नाहीतच. नशीब इथे डार्विनच्या बाजूने होते हे मोकळेपणी मान्य केले पाहिजे, नाहीतर या प्रकरणातून चुकीचा धडा घेतला जाईल.

निर्णयाचे दिवस

शोध लागला तेव्हा प्रशासनापुढे तीन वाटा होत्या. आणखी अभ्यास करायचा. शिंपल्यांना मरिनात कोंडून ठेवून हळूहळू साफ करायचे. किंवा आतले सगळे पाणी विषारी करून एकदाच निकाल लावायचा.

पहिली वाट सर्वांत सुसंस्कृत दिसते आणि अशा प्रसंगी हमखास निवडली जाते. शिंपला नक्की कुठून आला, त्याची इथली वाढ किती, परिणाम काय, हे ठरेपर्यंत थांबू, असे म्हणणे अगदी शास्त्रीय वाटते. पण महिनाभरात वयात येणाऱ्या जीवाबाबत एका महिन्याची वाट म्हणजे एक नवी पिढी. पंधरा वर्षे आधी भूमध्य समुद्रात नेमके असेच झाले होते. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या पाण्यात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शैवालाचा सुमारे एक चौरस मीटरचा ठिपका दिसला. १९८९ पर्यंत तो एक हेक्टर झाला. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ अलेक्झांड्र मेनेझ धोक्याची सूचना देत राहिले, आणि हे शैवाल मत्स्यालयातून सुटलेले की आपसूक आलेले, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. २००० च्या सुमारास ते सहा देशांच्या किनाऱ्यांवर पोहोचले होते. एका चौरस मीटरचे शैवाल एका माणसाने एका दुपारी उपटून काढले असते.

डार्विनमध्ये काही दिवसांतच मरिना बंद झाले. डार्विन ज्यात येते त्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांताच्या मत्स्यव्यवसाय कायद्याखाली तिन्ही ठिकाणी विलगीकरण जाहीर झाले आणि बोटींची ये-जा थांबली. राज्य आणि केंद्राचे अधिकारी, शास्त्रज्ञ आणि बंदराची माणसे एकत्र बसली. कोणते रसायन चालेल याच्या छोट्या चाचण्या आधी घेतल्या गेल्या. मरिनाभोवती लोकांची घरे होती आणि आतल्या बोटी खाजगी मालकीच्या होत्या. असे असताना पाण्यात विष सोडायचा निर्णय कुणा एका खात्याला सोपा नव्हता. तरी तो घेतला गेला.

दोन रसायने वापरली गेली. एक ब्लीचचे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. दुसरे कॉपर सल्फेट, आपले मोरचूद. दोन्हींची गरज पडण्यामागे साधे कारण होते. गढूळ आणि उबदार पाण्यात क्लोरीन झपाट्याने खर्ची पडतो. पाण्यातला सेंद्रिय गाळ त्याला खाऊन टाकतो, आणि शिंपल्याला पाण्यातले विष जाणवले की तो शिंपा घट्ट मिटून बसतो. थोडा वेळ टिकणारे विष त्याला ओलांडून जाते. तांबे पाण्यात टिकते आणि मृदुकाय प्राण्यांना ते अतिशय मारक आहे. तिन्ही ठिकाणी मिळून जवळपास १९० टन हायपोक्लोराइट द्रावण आणि सात-आठ टन मोरचूद वापरले गेले. मरिनातले मासे, खेकडे, गोगलगायी, जे काही जिवंत होते ते सारे मेले. याचे मला वाईट वाटते आणि वाटलेच पाहिजे. पण मरिनातला स्थानिक जीव बाहेरच्या खाडीतून पुन्हा येऊ शकत होता आणि पुढे आलाही. शिंपला एकदा खाडीत गेला असता तर परतीची वाट राहिली नसती.

महिन्याभरात तिन्ही मरिनांत एकही जिवंत शिंपला उरला नाही. पाणबुड्यांनी पुन्हा पुन्हा उतरून खात्री केली. खर्च २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक आला आणि अडीचशेहून जास्त माणसे या कामात होती.

निघून गेलेल्या बोटी

मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग रसायनांचा वाटत नाही. पाणी शुद्ध करून शिंपले संपले असते तर काम सोपे होते. पण मागच्या सहा महिन्यांत या मरिनांतून किती बोटी बाहेर पडल्या होत्या? त्यांतली प्रत्येक बोट शिंपल्यांची वाहक असू शकत होती. एक बोट दुसऱ्या खाडीत नांगरून राहिली आणि तिच्या बुडावरच्या शिंपल्यांनी अंडी सोडली, तर मरिनातला सगळा खटाटोप वाया.

म्हणून मरिनांच्या नोंदवह्या काढल्या गेल्या. कोणती बोट कधी आली, कधी गेली, आता कुठे आहे, याचा माग घेतला गेला. चारशेहून अधिक बोटींची यादी झाली. किनाऱ्यावर आणि समुद्रात त्या शोधून काढल्या, बुडे तपासली आणि संसर्ग आढळला त्या बाहेर ओढून साफ केल्या. साथीच्या रोगात संपर्कात आलेल्या प्रत्येकाला शोधतात, तसेच हे काम होते. नोंदवह्या नसत्या तर ते अशक्यच होते. कंटाळवाण्या म्हणून ज्या कागदाकडे कुणी बघत नाही, त्याने इथे एका किनाऱ्याचा बचाव केला.

बोटीचा तळ बाहेरून घासला म्हणजे काम झाले, असेही नव्हते. शिंपले आत बसतात. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या नळ्या, पाणी आत येण्याच्या जाळ्यांमागचे कप्पे, सुकाणूच्या सांध्याभोवतीची जागा, पंख्याच्या दांड्याची खाच, हे सगळे ब्रशच्या आवाक्याबाहेरचे कोपरे. दुरुस्तीसाठी बोट ठोकळ्यांवर चढवतात तेव्हा ठोकळ्यावर टेकलेल्या पट्ट्यावर रंगच लागत नाही, तिथेही जीव बसतात. म्हणून या आतल्या वाहिन्यांतही औषध फिरवावे लागले.

सगळे पाहत होते तिकडून तो आला नाही

१९९० च्या दशकात परक्या समुद्री जीवांची चर्चा मुख्यतः जहाजांच्या बॅलास्ट पाण्याभोवती फिरत होती. ती रास्तच होती. रिकामे जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते आणि हजारो किलोमीटरवर माल चढवताना ते सोडून देते. त्या पाण्याबरोबर डिंभक, शैवाल, जिवाणू जातात. झेब्रा शिंपला महासरोवरांत असाच पोहोचला असे मानले जाते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००४ मध्ये बॅलास्ट पाण्याचा करार केला आणि तो ८ सप्टेंबर २०१७ रोजी लागू झाला. त्याच्या जुन्या तरतुदीनुसार पाणी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात बदलायचे. नव्या तरतुदीनुसार ते जहाजावरच प्रक्रिया करून सोडायचे. सोडलेल्या पाण्याच्या प्रत्येक घनमीटरमध्ये ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव १० पेक्षा कमी असले पाहिजेत. दशकभराच्या चिकाटीने झालेले हे काम आहे.

डार्विनचा शिंपला मात्र बॅलास्टने आला नसावा. मरिनात मालवाहू जहाजे येत नाहीत. तिथे येतात शिडाच्या आणि सहलीच्या नौका, एका बंदरात महिनोन्महिने थांबून पुढच्या बंदराकडे निघणाऱ्या. उभी असलेली बोट हे जीवांना बसायला सर्वांत सोयीचे ठिकाण, आणि संथ चालीची बोट त्यांना न झटकता नेते. त्यामुळे सर्वाधिक संशय परदेशातून आलेल्या नौकांच्या बुडांवर गेला. या वाटेवर तेव्हा कुणी पहारा ठेवला नव्हता. कसूर हेतुपुरस्सर नव्हती. प्रत्येक देश ओळखीच्या वाटेवर चौकी बसवतो आणि शेजारच्या वाटेकडे लक्ष जात नाही.

बुडांवरच्या जीवांचा प्रश्न आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा आहे. पूर्वी जहाजांना ट्रायब्युटिलटिन नावाच्या कथिलयुक्त रसायनाचा रंग देत. त्यावर काहीच बसत नसे. पण तो रंग पाण्यात झिरपून समुद्री गोगलगायींची प्रजननक्षमता बिघडवत होता आणि कालवांचे शिंपे वेडेवाकडे करत होता. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये लागू झाली. बंदी योग्यच होती. पण तितका प्रभावी पर्याय सहज मिळाला नाही, आणि बोट नियमित साफ करण्याची जबाबदारी अधिकच मालकावर आली. सागरी संघटनेने बुडावरील जीवांबाबत २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. त्या ऐच्छिक आहेत. पाण्यासाठी बंधनकारक करार आणि बुडासाठी सल्ला, ही तफावत मला समर्थनीय वाटत नाही.

न्यूझीलंडने जगाची वाट पाहिली नाही. मे २०१८ पासून तिथे येणाऱ्या प्रत्येक बोटीने स्वच्छ बूड घेऊनच यायचे, असा सक्तीचा नियम आहे. येण्याआधी साफ केल्याचा किंवा नियमित देखभालीचा पुरावा दाखवावा लागतो. ज्या देशातून बोट निघते तिथेच ती साफ व्हावी, हा या नियमाचा गाभा आहे आणि सगळ्या प्रतिबंधाचाही. यजमान देशाच्या धक्क्यावर बूड घासले तर शिंपले तिथल्याच पाण्यात पडतात.

जमिनीवरही तत्त्व हेच. खोक्यांच्या आणि पॅलेटच्या लाकडातून कीड देशोदेशी जाते, म्हणून २००२ पासून अशा लाकडाला उष्णता देऊन किंवा धुरी देऊन त्यावर शिक्का मारण्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. प्रक्रिया पाठवणारा करतो, पडताळणी घेणारा करतो. मत्स्यालयातले मासे आणि शैवाल, शोभेची झाडे, पाळीव प्राणी यांच्या व्यापारात अशी शिस्त फार थोड्या देशांत आहे, आणि तिथली घुसखोरी तर माणसाने स्वखुशीने विकत घेतलेली असते. आयपीबीईएस या आंतरशासकीय मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार माणसाने जगभर ३७ हजारांहून अधिक परक्या प्रजाती नेऊन पसरवल्या आहेत. त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक उपद्रवी ठरल्या आहेत. वार्षिक नुकसान २०१९ मध्ये ४२३ अब्ज डॉलरच्या वर गेले होते. या आकड्यांपुढे डार्विनचे वीस लाख अगदी किरकोळ वाटतात.

यातले किती दुसऱ्यांना जमेल

विष ओतण्याचा उपाय उचलण्यासारखा नाही. मोकळ्या बंदरात इतके तांबे सोडणे म्हणजे नवे संकट, आणि ते पाणी थांबणारही नाही. लॉकचे दरवाजे फार थोड्या ठिकाणी असतात. पण दरवाजांशिवायही लवकर गाठता येते, हे कॅलिफोर्नियाने दाखवले. जून २००० मध्ये सॅन दिएगोजवळच्या एका खाजणात सागरी गवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांना तेच कॉलर्पा दिसले. भूमध्य समुद्रात काय घडले हे ठाऊक असल्याने १७ दिवसांत काम सुरू झाले. शैवालाच्या तुकड्यांवर ताडपत्री अंथरून खाली क्लोरीन सोडला गेला. २००६ मध्ये ते तिथून पूर्ण नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. दोन्ही ठिकाणी पाणबुडे आधीच पाण्यात होते आणि दिसलेली गोष्ट कुणाला सांगायची हे त्यांना माहीत होते.

म्हणून मला नियमित पाहणीवरचा खर्च सर्वांत आधी करावासा वाटतो. बंदरात पाण्याखाली साध्या पट्ट्या टांगून ठेवायच्या आणि ठरावीक काळाने काढून त्यांवर काय बसले ते पाहायचे. डार्विनमध्ये पुढे हेच सुरू झाले. परदेशातून येणाऱ्या नौकांना लॉकमधून आत शिरण्याआधी बुडाची तपासणी आणि आतल्या वाहिन्यांची प्रक्रिया बंधनकारक झाली, आणि ती विनामूल्य ठेवली गेली. हा निर्णय शहाणपणाचा आहे. शुल्क लावले की काही मालक तपासणी टाळून आडबाजूच्या खाडीत नांगर टाकतात, आणि आपल्याला नेमकी तीच बोट पाहायची असते. पुढच्या काळात बाहेरून आलेल्या बोटींवर हा शिंपला पुन्हा सापडला, पण आत शिरण्याआधीच.

दुसरी गोष्ट अधिकाराची. १९९९ मध्ये डार्विनला मत्स्यव्यवसायाचा कायदा या कामाला लावता आला म्हणून विलगीकरण काही दिवसांत झाले. ज्या बंदरात बंदर खाते, मत्स्य खाते, पर्यावरण खाते आणि नौदल यांच्यात पाणी कुणाचे हेच ठरलेले नसते, तिथे पहिला महिना पत्रव्यवहारात जाईल. खाजगी बोट थांबवायचा अधिकार कुणाला, रसायन सोडायची परवानगी कोण देणार, मालकाचे नुकसान कोण भरणार, हे प्रश्न शिंपला सापडायच्या आधी सुटलेले असावे लागतात. ऑस्ट्रेलियाने या घटनेनंतर, २००० मध्ये, समुद्री उपद्रवांच्या आणीबाणीसाठी राष्ट्रीय सल्लागार समिती उभी केली, ती याचसाठी.

ज्या बंदरांत हा शिंपला पन्नास वर्षांपासून मुक्काम ठोकून आहे, तिथून त्याला आता काढता येणार नाही. पण तिथून सुटणारी प्रत्येक बोट कुणासाठी तरी नवी पाहुणी असते. तिथल्या गोदीत बोट बाहेर ओढण्याची सोय, खरवडलेला कचरा समुद्रात न टाकता जमिनीवर गोळा करणारी व्यवस्था आणि निघण्याआधीचा तपासणी-दाखला हे तिन्ही देता येते. कमी पडते ती पुढच्या बंदराने असा दाखला मागण्याची सवय.